पक्कड तिच्या हातात द्या आणि परत मागू नका : मुलींचा 'करून बघू' गट कसा चालवायचा

शाळेच्या प्रयोगशाळेत कधी मागे उभं राहून बघा. पाच-सहा जणांचा गट, मुलं-मुली एकत्र, टेबलावर उपकरण मात्र एकच. वायर कोण जोडतंय, स्क्रू कोण पिळतोय, आणि वही कोणाकडे आहे? बहुतेक वेळा वही मुलीकडे असते, कारण तिचं अक्षर चांगलं, ती नीटनेटकं लिहिते, सर पण खूश. परीक्षेत तिला मार्कही जास्त पडतात. पण दहावीपर्यंत तिने एकदाही मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) स्वतः धरलेला नसतो, आणि मग आपणच म्हणतो की मुलींना मशीनमध्ये इंटरेस्ट नसतो.

इंटरेस्ट असतो हो. हत्यार हातात येत नाही आणि आलं तरी टिकत नाही, खरा प्रॉब्लेम हा आहे. घरी भाऊ म्हणतो "दे इकडे, तुला नाही जमणार", बाबा म्हणतात "राहू दे बाळा, लागेल", आणि आपण स्वतः, म्हणजे शिकवणारे, एखादी मुलगी दोन मिनिटं अडली की प्रेमानेच हात पुढे करतो आणि काम करून टाकतो. तिघांचाही हेतू चांगला, पण रिझल्ट एकच. म्हणून खाली जे काही लिहिलंय त्यातला मुख्य नियम हाच, की हत्यार तिच्या हातात राहिलं पाहिजे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

हे लिहितेय ते कोणासाठी, तर गावात, तालुक्याच्या ठिकाणी किंवा शहरातल्या चाळीत-सोसायटीत ज्यांना आसपासच्या मुलींना जमवून काहीतरी करायचंय त्यांच्यासाठी. शिक्षक असायची गरज नाही, सायन्सची डिग्री असायची पण गरज नाही, थोडं वाचून आधी स्वतः करून बघायची तयारी हवी.

कोण, कुठे, कधी

पाचवी ते आठवीच्या मुली घ्या. त्याआधी बोटांत पुरेसा जोर नसतो, आणि नववी लागली की क्लास सुरू होतात. सहा ते आठ जणी पुरेत, सुरुवातीलाच वीस-पंचवीस जणी घेतल्या तर परत तेच होणार, दोघी-तिघी करणार आणि बाकीच्या बघणार. दोघींमध्ये एक सेट, यापेक्षा जास्त वाटणी नको.

जागा म्हणाल तर समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, शाळेची खोली, कोणाची गच्ची, पार्किंग, काहीही चालतं. फक्त ती येण्याजाण्याच्या रस्त्यावर हवी, कारण मुलगी संध्याकाळी एकटी कुठल्या गल्लीतून येणार हा प्रश्न आई-बाबांच्या डोक्यात पहिला असतो आणि तो बरोबरच आहे.

वेळ हा सगळ्यात नाजूक भाग. रविवारी सकाळी दहाला ठेवलं की मुलगे येतील पण मुली येणार नाहीत, कारण रविवारी सकाळी नळाला पाणी आलेलं असतं, कपडे असतात, आईला मदत असते, धाकट्याला सांभाळायचं असतं. दुपारी तीन ते पाच हा वेळ बऱ्याच घरांत चालतो. पण अंदाजाने ठरवू नका, आयांना विचारून ठरवा. घरी जा, चहा घ्या, आणि सरळ बोला, "काकू, रविवारी दुपारी दोन तास हिला पाठवाल का, पाच वाजता घरी पोचेल, आणि घरातलं काही बिघडलेलं असेल तर तेही बरोबर द्या, उघडून बघतो." बिघडलेल्या वस्तूचं बोललं की आईच्या चेहऱ्यावर लगेच फरक दिसतो, कारण माळ्यावर पडलेला मिक्सर प्रत्येक घरात असतो.

धाकटी भावंडं कडेवर घेऊन मुली येतील. येऊ द्या. एक चटई टाका, रंगीत कागद, जुनी झाकणं, चुंबक वगैरे द्या, पण मोठा चुंबक द्या, गिळता येईल असं काहीही त्यांच्याजवळ नको. "लहान मुलं आणायची नाहीत" असा नियम केला तर ज्या मुलीला हे सगळ्यात जास्त हवंय तीच गळते.

आणि अजून एक, मोकळेपणाने लिहिते. पाळीच्या दिवसांत मुली येत नाहीत. जागेवर टॉयलेट असलं पाहिजे, दोन-चार पॅड कपाटात ठेवलेले असले पाहिजेत, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका की इथे कोणत्याही दिवशी यायचं, इथे कशालाही हात लावायचा, काहीही विटाळत-बिटाळत नाही. सभामंडपात गट भरवत असाल तर हा विचार जागा ठरवतानाच करा, नाहीतर महिन्यातले चार दिवस तुमची जागाच तिला बंद असेल. असं वाटलं तर दुसरी जागा शोधा.

सामान

किट विकत आणू नका. म्हणजे निदान सुरुवातीला तरी. बॉक्समधल्या किटमध्ये सगळं बसवून ठेवलेलं असतं, चित्राप्रमाणे जोडलं की दिवा लागतो आणि विषय संपतो. त्यातही "मुलींसाठी" म्हणून गुलाबी डब्यात साबण आणि लिपबाम बनवायचं जे विकतात ते तर अजिबात नको.

हार्डवेअरच्या दुकानातून दोन-तीन पक्कडी, चपटे आणि फुलीचे स्क्रू ड्रायव्हर, एक वायर स्ट्रिपर, चिकटपट्टी, कटर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून साधा डिजिटल मल्टिमीटर (दोनशे-तीनशे रुपयांत येतो, गटाला दोन असले तर उत्तम), एलईडी, रेझिस्टन्स (करंट कमी करणारे छोटे तुकडे, ओहममध्ये मोजतात), बझर, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि त्यांच्या टोप्या. मोटार वायंडिंगवाल्याकडे जाऊन इनॅमलची, म्हणजे वरून वार्निशसारखा थर दिलेली, तांब्याची तार मागा, बॉबिनवर उरलेली तार तो बऱ्याचदा तशीच देतो. भंगारवाल्याकडून जुने स्पीकर घ्या, त्यात दणकट चुंबक असतात. जाताना मुलींना बरोबर न्या, हे महत्त्वाचं आहे. वायंडिंगच्या दुकानात, भंगारच्या गोडाऊनमध्ये, इलेक्ट्रॉनिक्सच्या काउंटरवर बाराएक वर्षांची मुलगी उभी राहून "काका, ४७० ओहमचे दहा द्या" म्हणते, तेव्हा ती एका अशा जागेत पाय ठेवते जिथे तिला आजवर कोणी पाठवलेलंच नसतं. दुकानदाराला पण सवय होते.

नियम दोनच ठेवा पण कडक. पहिला, पहिले सहा महिने सगळं काम ९ व्होल्टच्या आत, भिंतीतल्या प्लगला कोणीही काहीही लावणार नाही. दुसरा, केस बांधलेले, ओढणी बाजूला किंवा कमरेला गच्च, धातूच्या बांगड्या-अंगठ्या काढून डबीत. हे सांगताना कारण सांगा, की फिरणाऱ्या वस्तूत ओढणी अडकते आणि धातूमुळे शॉर्ट होतं, आणि हा नियम शिकवणाऱ्यालाही लागू आहे. नुसतं "मुलींनी असं करू नये" या सुरात सांगितलं तर त्या अशा सूचना दिवसभर ऐकतच असतात.

पहिला दिवस : मिक्सर उघडा

पहिल्या दिवशी भाषण नको, विज्ञान म्हणजे काय वगैरे नको. मधोमध चादर टाका आणि त्यावर बिघडलेला मिक्सर ठेवा. प्लगची वायर आधीच कापून टाकलेली असू द्या, म्हणजे चुकूनही कोणी लावणार नाही. मग फक्त एवढंच म्हणा, "उघडा."

खालचे स्क्रू कधी रबरी पायांच्या आत लपलेले असतात. सांगू नका, शोधू द्या. वरचा कपलर, म्हणजे ज्यावर भांडं बसतं ते दातेरी चाक, ते काढताना गंमत होते. मुली नेहमीसारखं डावीकडे फिरवतात आणि ते अजून घट्ट होत जातं, कारण बऱ्याच मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात. थोडी झटापट होऊ द्या. कोणीतरी उलटं फिरवून बघतेच. मग विचारा, कंपनीने आटे उलटे का पाडले असतील? मोटर कुठल्या बाजूला फिरते, आणि फिरताना ते चाक सैल व्हावं की घट्ट व्हावं? या एका प्रश्नावर अर्धा तास जातो आणि तो जाऊ द्या, कारण समोरच्या वस्तूतला प्रत्येक भाग कोणीतरी विचार करून तसा ठेवलाय हे त्या अर्ध्या तासात मुलींच्या लक्षात येतं, आणि मग पुढे शिकवणं खूप सोपं जातं.

आत तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल भाग असतो, तो कम्युटेटर, आणि त्याला दोन बाजूंनी स्प्रिंगने टेकलेले काळे तुकडे म्हणजे कार्बन ब्रश. ते झिजतात. मिक्सर चालताना मागच्या झरोक्यातून ठिणग्या दिसतात त्या इथल्याच. ब्रश पार झिजलेले असतील तर तुमच्या हातात बिघाडच आला, आणि नवीन जोडी अगदी थोड्या पैशांत मिळते. अजून एक, बहुतेक मिक्सरच्या बुडाशी एक छोटं लाल बटण असतं, लोड जास्त झाला की ते बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो, परत दाबलं की चालू. कितीतरी घरांतून चांगला मिक्सर फक्त ह्या बटणासाठी रिपेअरिंगला जातो. हे मुलींना दाखवा, घरी जाऊन त्या पहिलं काम तेच करतात, मिक्सर उलटा करून बटण शोधतात, आणि घरात सगळ्यांना दाखवतात.

उघडलेला मिक्सर परत चालू करून बघायचा नाही. दुरुस्त करायचाच असेल तर माहीतगार मेकॅनिकला बोलवा आणि मुलींसमोर करायला सांगा.

काय उघडायचं नाही ते पण स्पष्ट लिहून भिंतीवर लावा: मायक्रोवेव्ह, जुना डबा टीव्ही, इन्व्हर्टर, फुगलेली मोबाइल बॅटरी, सीएफएल दिवा. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज धरून ठेवू शकतो, आणि सीएफएलमध्ये पारा असतो. फॅन उघडणार असाल तर त्याच्याही कपॅसिटरचं आधी माहीतगाराकडून बघून घ्या. रेडिओ, खेळण्यातल्या गाड्या, प्रिंटर, सीडी प्लेअर, घड्याळं (मनगटी नव्हे, भिंतीवरची), हे सगळं मस्त. प्रिंटरमध्ये तर गिअर, मोटर, स्टीलचे दांडे, इतका खजिना असतो की पुढचे दोन महिने सामान पुरतं.

दिवा, मग मोटर

दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला एलईडी. प्रत्येकीला एक एलईडी आणि सीआर २०३२ ची चपटी बॅटरी द्या, पेटवा म्हणा. निम्म्या जणींचा पेटत नाही कारण उलटा धरलाय. लांब पाय कुठे, आखूड कुठे, हे त्यांनाच सापडू द्या. जाताना सगळ्या चपट्या बॅटऱ्या मोजून परत घ्या, लहान मुलाने गिळली तर अन्ननलिका भाजते, यात अजिबात ढिलाई नको.

मग ९ व्होल्टची बॅटरी. इथे गणित येतं आणि ते फळ्यावर न येता गरज म्हणून येतं. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, उरले ७, आपल्याला १५ मिलिअँपिअर करंट हवा, तर ७ भागिले ०.०१५, उत्तर येतं साधारण ४६७ ओहम, आणि बाजारात जवळचा मिळतो तो ४७०. मघाशी दुकानात "४७० ओहमचे दहा" का मागितले ते आता कळलं. ज्या मुलीला ओहमचा नियम सूत्र म्हणून पाठ होता तिला तो इथे पहिल्यांदा लागतो.

मोटर बनवायला एक पेन्सिल सेल, दोन सेफ्टी पिना, रबरबँड, स्पीकरचा चुंबक आणि इनॅमलची तार. सेलवरच तारेचे दहाएक वेढे घ्यायचे, दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढायची, सेलच्या प्लस आणि मायनस टोकांना रबरबँडने पिना उभ्या करायच्या, त्यांच्या भोकांत वेटोळं टांगायचं, खाली चुंबक. सगळी करामत तार खरवडण्यात आहे: एका टोकाचं इनॅमल पूर्ण काढायचं आणि दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं. अर्धंच का, हा प्रश्न धरून बसा. पूर्ण खरवडलं तर वेटोळं अर्धा फेरा घेऊन अडखळतं, कारण पुढच्या अर्ध्या फेऱ्यात करंट त्याला उलट ढकलतो; अर्ध्या बाजूचं इनॅमल ठेवलं की त्या वेळी करंट बंद पडतो आणि वेटोळं वेगाच्या जोरावर पुढे निघून जातं. मिक्सरमधल्या त्या तांब्याच्या पट्ट्या हेच काम जास्त हुशारीने करतात. परत मिक्सर आणून शेजारी ठेवा. फार वेळ चालू ठेवू नका, तार आणि सेल तापतात.

यात बहुतेक मोटरी पहिल्या फटक्यात फिरत नाहीत, आणि इथेच तुमची परीक्षा आहे. हात मागे बांधून उभ्या राहा. खरंच सांगते, मनात तीसपर्यंत अंक मोजा आणि मगच बोला, आणि बोलायचं तेही प्रश्नच, "कुठे काय होतंय?", "मीटर लावून बघितलास?", "शेजारणीचं फिरतंय, फरक काय?" असा. अगदीच रडकुंडीला आली तर दुसऱ्या वेटोळ्यावर तुम्ही करून दाखवा, तिच्या वेटोळ्याला हात लावू नका. आणि फिरल्यावर नुसतं "व्वा, हुशार" म्हणण्यापेक्षा "कसं जमवलंस ते हिला सांग" म्हणा. हुशार म्हणवून घेतलेली मुलगी पुढच्या वेळी चुकायला घाबरते, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

टाकीचा अलार्म, हा नक्की करा

मला कोणी विचारलं की एकच प्रोजेक्ट करायचा तर कुठला, तर मी हाच सांगेन. घरावरची टाकी भरून वाहते, पाणी वाया, मोटर चालू राहते, आणि बंद करायला धावायचं काम बहुतेक घरांत आई किंवा मुलगीच करते. म्हणजे प्रॉब्लेम तिचा स्वतःचा आहे.

लागतं काय: बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टन्स, ९ व्होल्टची बॅटरी, ९ व्होल्टवर चालणारा छोटा बझर (जो नुसती बॅटरी लावली की वाजतो तो मागा), आणि लांब वायर. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बॅटरीच्या प्लसला बझरचा प्लस, बझरचा मायनस कलेक्टरला, एमिटर बॅटरीच्या मायनसला. आता टाकीत सोडायच्या दोन वायरी, एक बॅटरीच्या प्लसपासून, दुसरी १ किलोओहममधून बेसला. दोन्हींची उघडी टोकं टाकीच्या काठाखाली चार बोटं, एकमेकींपासून बोटभर अंतरावर, शेजारीशेजारी. पाणी तिथवर चढलं की पाण्यातून अगदी थोडा करंट बेसला जातो आणि त्या थोड्याच्या जोरावर ट्रान्झिस्टर बझरचा मोठा करंट सोडतो.

आधी पेल्यात करून बघा. मग मुलींना प्रश्न सोडवू द्या, आणि प्रश्न भरपूर येतात: पाण्याच्या शिंतोड्यांनी उगाच वाजतो, त्याला काय करायचं? काही महिन्यांनी उघडी टोकं हिरवी-काळी पडतात आणि वाजायचाच बंद होतो, कारण पाण्यातून एकाच दिशेने करंट गेला की तांबं झिजतं, मग तांब्याऐवजी स्टीलचे स्क्रू लावून बघायचे का? डिस्टिल्ड वॉटरमध्ये का वाजत नाही आणि चिमूटभर मीठ टाकल्यावर का वाजतो? बोअरचं आणि नळाचं पाणी यात फरक पडतो का? प्रत्येक प्रश्नाला करून बघण्याइतकंच सामान लागतं. टाकीवर बसवायला वर चढायचं काम असेल तर मोठं माणूस बरोबर हवं, शिडी धरायला, पण स्क्रू मुलीनेच पिळायचा. हा अलार्म एका घरात वाजला की आळीतून मागणी येते. मग मुलींना सामानाचा हिशोब करायला लावा आणि कष्टाचे थोडे पैसे लावून विकू द्या. फुकट वाटू नका.

सोल्डरिंग, म्हणजे धातूची तार वितळवून जोड पक्का करणं, याच वेळी शिकवा, प्लगच्या नियमाला हा एकच अपवाद: २५ वॅटची सोल्डरिंग गन, तिचा स्टँड, खिडकी उघडी, आणि झाल्यावर हात साबणाने धुवायचे कारण साध्या सोल्डरच्या तारेत शिसं असतं. इथे घरून विरोध होतो, "हाताला डाग पडला तर?" मी आयांना शांतपणे एवढंच म्हणते की हीच मुलगी तापल्या तव्यावरची भाकरी हाताने उलटते, तेव्हा आपण तिला शिकवलं ना कसं जपायचं, तसंच हेही शिकवू. बऱ्याच जणी हसतात आणि हो म्हणतात.

स्वयंपाकघराचं काय

स्वयंपाकघरात विज्ञान आहेच, पण मुलींचा गट आहे म्हणून सगळं तिथेच अडकवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आठ-दहा वेळांतून एकदा ठीक. करायचंच तर भेसळ तपासा. पनीर, खवा उकळून गार करून त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका, निळं झालं तर त्यात स्टार्च आहे. हळदीच्या कपड्यावर साबण लागला की डाग लाल का होतो, आणि हळदीत चुना घालून कुंकू कसं होतं, यावरून आम्ल-अल्कली शिकवा, फुलांच्या पाकळ्यांचे रस काढून अजून कशाकशाचा रंग बदलतो ते शोधायला लावा.

या दिवशी बायोकेमिस्ट कमला सोहोनींची गोष्ट सांगा, तिथे ती चपखल बसते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन, पहिल्या नंबराने, त्या बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या तर तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, शेवटी अटी घालून घेतलं, एक वर्ष बघू म्हणून. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली, नंतर मुंबईत नीरेवर, कडधान्यांवर काम केलं. आणि पुढच्या वयात ग्राहक चळवळीत येऊन भेसळीबद्दल लोकांसाठी लिहीत राहिल्या. मोठ्या माणसांचे फोटो भिंतीवर लावून काही होत नाही, पण आयोडीनचा थेंब निळा झाल्यावर ही गोष्ट ऐकली की लक्षात राहते.

बाहेर न्या, बाहेरच्यांना बोलवा

तालुक्यात शोधलंत तर बाया सापडतात. महावितरणमध्ये महिला तंत्रज्ञ आहेत, आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या आहेत, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, कृषी खात्यात आहेत. त्यांना भाषणाला बोलवू नका, त्यांचं हत्यार घेऊन बोलवा आणि मुलींना ते वापरू द्या.

पुणे जिल्ह्यात असाल तर पाबळचा विज्ञान आश्रम बघाच, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला, हाताने काम करत शिकणं हीच तिथली पद्धत. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांना आत सोडतात आणि शाळांचे प्रयोग मांडलेले असतात. तुमचा टाकीचा अलार्म तिथे मांडण्यासारखा आहे. मुंबईकरांना वरळीचं नेहरू सायन्स सेंटर. टाकाऊतून खेळणी बनवायची असतील तर अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर मराठीतही भरपूर फुकट आहे.

आणि मे महिन्यात कुठेही न जाता, शून्य सावली. आपलं महाराष्ट्र-गोवा पूर्ण कर्कवृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेच्या आसपास, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो तेव्हा ढग असतात. गच्चीवर सरळ बाटली उभी करा आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने खूण करा, पुण्यात साडेबाराच्या सुमारास सावली बाटलीखाली गायब होते. मामाच्या गावी गेलेल्या मुलींना तिथून मोजायला सांगा आणि तारखा जुळवून बघा.

कोडिंग

थोडक्यात सांगते कारण यावर सगळेच बोलतात. मोबाइल बाबांचा किंवा भावाचा असतो, लॅपटॉप नसतो, मग घरी सराव कर म्हणणं निरर्थक आहे. गटासाठी एखादा जुना लॅपटॉप मिळवा आणि आर्डुइनो उनोचा स्वस्त बोर्ड घ्या, म्हणजे सेन्सर आणि दिवे जोडून प्रोग्रॅमने चालवता येणारी छोटी पाटी. स्क्रीनवर मांजर नाचवण्यापेक्षा मातीचा ओलावा मोजून दिवा लावणं मुलींना जास्त खरं वाटतं, आणि शेतकरी घरातल्या मुलीला तर घरी सांगायला विषय मिळतो. सेन्सर कपॅसिटिव्ह घ्या, म्हणजे ज्याचा धातू मातीला उघडा लागत नाही तो, दोन उघड्या दातांचा स्वस्त सेन्सर मातीत लवकर गंजतो. का गंजतो ते मुली सांगतील, टाकीवरून.

मुलगे येऊ का विचारतात तेव्हा

येतातच, खिडकीत उभे राहतात. पहिले तीन-चार महिने नाही म्हणा. त्यांच्यावर राग म्हणून नाही, मुलींचा हात बसेपर्यंत. नंतर घ्या, आणि पहिल्या दिवशी मुलींनाच शिकवायला लावा. ज्या मुलाने एका मुलीकडून सोल्डरिंग शिकलंय तो प्रयोगशाळेत तिच्या हातात वही कोंबत नाही. शाळेत शिक्षक असाल तर वही आणि हत्यार दर तासाला फिरतं ठेवा, लिहिणारा आज तू, उद्या ती.

नववीनंतर

गट इथे विरतो. क्लास, घरकाम, आणि काही घरांत लग्नाची बोलणीसुद्धा. मोठ्या मुलींना आठवड्याला यायला जमणार नाही, त्यांना महिन्यातून एकदा दुरुस्तीच्या दिवशी बोलवा आणि सामानाच्या कपाटाची किल्ली, हिशोबाची वही त्यांच्याकडे द्या. जबाबदारी असली की घरचेही पाठवतात. पाचवीच्या नव्या मुलींना मिक्सर या मोठ्या मुलींनीच उघडायला द्यायचा.

बरोबरीने कागदपत्रांचंही बघा, कारण इथे हुशार मुली नुसत्या माहितीअभावी मागे पडतात. इन्स्पायर मानक योजनेत शाळेने ऑनलाइन कल्पना पाठवायची असते, सहावीपासूनच्या मुलांची, निवड झाली तर मॉडेल बनवायला १० हजार रुपये मिळतात, तर मुख्याध्यापकांच्या मागे लागा. विज्ञान ज्योती ही केंद्र सरकारची योजना नववी ते बारावीच्या मुलींसाठी आहे, जवळच्या नवोदय विद्यालयात चौकशी करा. पुढे डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश झाला की एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजार, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. शिवाय महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. या सगळ्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, काहींना जातीचा, काहींना नॉन क्रिमीलेअर, आणि जूनमध्ये सेतू केंद्रात प्रचंड गर्दी असते. म्हणून दहावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच मुलींना घेऊन तहसीलला जा, आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतंय का ते आधी बघा, आणि तिच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडून ते आधारशी जोडून ठेवा.